पदवी एका देशाची, सेवा दुसऱ्या देशाची : परदेशात शिकलेले डॉक्टर आणि जगाचे आरोग्य

२०२० सालच्या एप्रिल महिन्यात कोरोनाच्या साथीने अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याची रुग्णालये भरून गेली, तेव्हा त्या राज्याच्या गव्हर्नरांनी एक वेगळा निर्णय घेतला. ज्यांनी दुसऱ्या देशात वैद्यकीय शिक्षण घेऊन तेथे परवानाधारक डॉक्टर म्हणून काम केले होते, परंतु ज्यांच्यापाशी अमेरिकेचा परवाना नव्हता, अशांना तात्पुरता परवाना देण्याची सोय त्यांनी केली. हे डॉक्टर काही साथीबरोबर तेथे आले नव्हते. त्यांतील कित्येक जण आधीपासून तेथेच राहत होते आणि पोटासाठी दुसरीच कामे करीत होते. त्यांचे ज्ञान एका रात्रीत वाढले नाही. बदलला तो केवळ शासनाचा कागद.

तेव्हापासून हा विषय जगभर चर्चेत आहे. आपल्या समाजालाही तो परका नाही. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले-मुली वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी जातात, तर कित्येक डॉक्टर आणि परिचारिका इंग्लंड-अमेरिकेत वा आखाती देशांत सेवा करीत आहेत. म्हणून परदेशात शिकलेल्या डॉक्टरांचा जगाच्या आरोग्यकार्यात नेमका वाटा कोणता, त्यांच्या वाटेत कोणते अडथळे येतात आणि या ये-जा करण्यात न्याय-अन्याय कोठे दडला आहे, हे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

परदेशात शिकलेला डॉक्टर म्हणजे कोण?

ज्या देशात वैद्यकीय पदवी मिळविली त्याहून वेगळ्या देशात जो काम करतो, त्यास परदेशात शिकलेला डॉक्टर म्हणतात. येथे जन्मभूमी महत्त्वाची नाही, पदवी कोठली हे महत्त्वाचे. मुंबईत शिकून लंडनला काम करणारा डॉक्टर इंग्लंडच्या दृष्टीने परदेशी पदवीचा ठरतो. तसेच वसईत जन्मून रशियात शिकलेली व पुन्हा वसईत परतलेली मुलगी भारताच्या दृष्टीने परदेशी पदवीचीच असते.

अशा डॉक्टरांची संख्या लहान नाही. अमेरिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांपैकी सुमारे एक चतुर्थांश डॉक्टर अन्य देशांत शिकलेले आहेत आणि त्यांत भारतात शिकलेल्यांचा गट सर्वांत मोठा आहे. ब्रिटनमध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे. दुसऱ्या बाजूस जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की २०३० साली जगाला सुमारे १ कोटी १० लाख आरोग्यसेवक कमी पडतील आणि ही उणीव मुख्यतः गरीब देशांना सोसावी लागेल. म्हणजे डॉक्टरांचा ओघ बहुधा जेथे ते कमी आहेत तेथून जेथे ते अधिक आहेत तिकडे वाहतो. उलट दिशेने जाणारे थोडे असतात. परंतु त्या थोड्यांनी जे केले ते मोठे आहे.

परदेशी पदवीच्या डॉक्टरास दुसऱ्या देशातील रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी तीन दरवाजे ओलांडावे लागतात, असे आम्हांस वाटते. पहिला परवानगीचा, दुसरा भाषेचा व मुक्कामाचा आणि तिसरा न्यायाचा.

पहिला दरवाजा : परवानगी

या दरवाजाची कथा आपल्या उपखंडाशी आणि ख्रिस्तसभेशी निगडित आहे. डॉ. ॲग्नेस मॅकलॅरन या १८३७ साली एडिंबरा येथे जन्मलेल्या स्कॉटिश बाई. त्या काळी ब्रिटनच्या वैद्यकीय महाविद्यालयांची दारे स्त्रियांना बंद असल्यामुळे त्यांनी फ्रान्समधील माँपेलिए विद्यापीठ गाठले आणि १८७८ साली पदवी मिळविली. साठी ओलांडल्यावर, १८९८ साली, त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. पुढे रावळपिंडीच्या मिशनकार्यातून त्यांच्या कानी आले, की तेथील पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येत नाहीत आणि त्यामुळे उपचारांवाचून मरतात. मॅकलॅरन बाईंच्या प्रयत्नाने १९०९ साली रावळपिंडीस स्त्रिया व मुले यांच्यासाठी सेंट कॅथरिन रुग्णालय सुरू झाले.

पण तेथे डॉक्टर कोण असणार? त्या काळी व्रतस्थ धर्मभगिनींना वैद्यकीय व्यवसायास, विशेषतः प्रसूतीच्या कामास, चर्चच्या नियमांचा मज्जाव होता. मॅकलॅरन बाईंनी हा नियम शिथिल व्हावा म्हणून रोमकडे वारंवार विनंती केली. त्यांचा १९१३ साली मृत्यू झाला, तोवर उत्तर आले नव्हते.

त्यांच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्यांमध्ये ॲना डेंगल ही ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतातील तरुणी होती. तिला भारतात जाऊन वैद्यकीय सेवा करावयाची होती. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानात डॉक्टर म्हणून काम करण्यासाठी ब्रिटिश राज्यात मान्य असलेली पदवी आवश्यक होती, ऑस्ट्रियाची पदवी तेथे उपयोगाची नव्हती. मॅकलॅरन बाईंच्या सल्ल्यानुसार ॲना आयर्लंडमधील कॉर्क येथे गेली, परक्या भाषेत शिकली आणि १९१९ साली डॉक्टर झाली. १९२० साली ती रावळपिंडीला पोहोचली. हजारो स्त्रियांसाठी आपण एकट्या पुऱ्या पडणार नाही हे तिला लवकरच उमगले. म्हणून ३० सप्टेंबर १९२५ रोजी तिने अमेरिकेत वॉशिंग्टन येथे मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापन केला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने सूचनापत्र काढून धर्मभगिनींना वैद्यकीय व प्रसूतिसेवेची मोकळीक दिली. मॅकलॅरन बाईंच्या निधनानंतर तब्बल तेवीस वर्षांनी त्यांची विनंती फळास आली. पुढे याच संघाने पाटण्याजवळील कुर्जी येथे होली फॅमिली रुग्णालय उभे केले.

या कथेचा आणखी एक धागा ऑस्ट्रेलियात जातो. मेलबर्नच्या डॉ. मेरी ग्लोरी यांनी १९१५ साली मॅकलॅरन बाईंच्या कार्यावरील एक पुस्तिका वाचली आणि आपले पाचारण ओळखले. चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून १९२० सालच्या फेब्रुवारीत त्या आंध्रातील गुंटूर येथे आल्या आणि येशू, मरिया व योसेफ यांच्या संघात सामील झाल्या. पोपमहोदयांच्या खास परवानगीने त्यांनी धर्मभगिनी राहून वैद्यकीय सेवा केली. हजारो रुग्णांना पाहणारी ही एकच डॉक्टर स्थानिक मुलींना औषधे बनविण्याचे, शुश्रूषेचे आणि सुईणपणाचे शिक्षणही देत असे. १९४३ साली त्यांनी कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. आज ती भारतीय कॅथलिक आरोग्य संघटना म्हणून ओळखली जाते आणि तिच्याशी देशभरातील साडेतीन हजारांहून अधिक संस्था जोडलेल्या आहेत. भारतात कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालय व्हावे ही त्यांची इच्छा १९६३ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाच्या रूपाने, त्यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, पूर्ण झाली. २०१३ साली चर्चने त्यांना देवसेविका म्हणून घोषित केले.

महाराष्ट्रालाही असा वारसा आहे. कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पदवी घेतली, ती मायदेशीच्या स्त्रियांची सेवा करण्यासाठीच. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयाने त्यांना १८८७ साली अवघ्या एकविसाव्या वर्षी गाठले.

आजची चाळणी

आजही परवानगीचा दरवाजा तसाच आहे, फक्त नियम बदलले आहेत. अमेरिकेत बाहेरच्या पदवीधरास ठरावीक परीक्षा उत्तीर्ण होऊन, पदवीची पडताळणी करून घेऊन, पुन्हा तेथील रुग्णालयात निदान काही वर्षे निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घ्यावे लागते. मायदेशी वीस वर्षे शस्त्रक्रिया केलेल्या माणसासही यातून सहसा सूट मिळत नसे. अलीकडे मात्र काही राज्यांनी नियम सैल केले आहेत. टेनेसी राज्याने २०२३ साली केलेल्या कायद्याने अनुभवी परदेशी डॉक्टरांना देखरेखीखाली काम करण्याची वाट खुली केली. ब्रिटनमध्येही वेगळी परीक्षा द्यावी लागते.

भारतात परदेशी पदवीधरांसाठी २००२ साली चाळणी परीक्षा सुरू झाली. तीनशे गुणांपैकी दीडशे गुण मिळवावे लागतात, आणि अलीकडच्या बहुतेक सत्रांत चारांपैकी साधारण तीन परीक्षार्थी अनुत्तीर्ण झालेले आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो. त्याच संस्थेत बारा महिन्यांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण व्हावे लागते, त्या देशात व्यवसाय करण्याची पात्रता त्या पदवीने मिळावी लागते आणि मायदेशी परतल्यावर पुन्हा बारा महिने प्रशिक्षण घ्यावे लागते.

ही चाळणी कोणास जाचक वाटेल. परंतु डॉक्टरच्या अज्ञानाची किंमत रुग्ण मोजतो, हे विसरून चालणार नाही. चाळणी असावीच. प्रश्न एवढाच, की ती रुग्णाचे रक्षण करण्यासाठी आहे की आतल्या लोकांची मक्तेदारी राखण्यासाठी. पहिल्या हेतूने लावलेली चाळणी योग्य माणसास शेवटी आत घेते. दुसऱ्या हेतूने लावलेली त्यास कायमचे बाहेर ठेवते, आणि मग निर्वासित होऊन आलेला शल्यविशारद टॅक्सी चालवितो व त्याच शहरात रुग्ण महिनोन्‌महिने तारखेची वाट पाहतात.

दुसरा दरवाजा : भाषा आणि मुक्काम

परवाना मिळाला म्हणजे रुग्ण मिळाला असे नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात शिकले. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत करण्यासाठी भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. इतर सहकारी परतले, कोटणीस मात्र तेथेच राहिले. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि १९४१ साली डॉ. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. चीनमध्ये आजही त्यांचे स्मरण होते ते ते आले म्हणून नव्हे, राहिले म्हणून.

असेच दुसरे नाव डॉ. रूथ फाऊ यांचे. जर्मनीत जन्मलेल्या व शिकलेल्या या धर्मभगिनी १९६० साली भारतात येण्यास निघाल्या होत्या. व्हिसाच्या अडचणीमुळे त्यांना कराचीत थांबावे लागले आणि तेथील कुष्ठरुग्णांची वस्ती पाहून त्या कायमच्या थांबल्या. कुष्ठरोगाचे शिक्षण घेण्यासाठी त्या आपल्या वेल्लोरला आल्या होत्या. जर्मन पदवी होती, तरी या रोगाचे अनुभवी गुरू भारतात आहेत हे मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढे त्यांनी पाकिस्तानच्या कानाकोपऱ्यातील तरुणांना कुष्ठरोग-तंत्रज्ञ म्हणून तयार केले. १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेने पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचे जाहीर केले. १० ऑगस्ट २०१७ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा त्या मुस्लिम देशाने एका ख्रिस्ती धर्मभगिनीला शासकीय इतमामाने निरोप दिला.

येथे अल्पकाळच्या वैद्यकीय दौऱ्यांविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. परदेशातील डॉक्टरांचे पथक दोन आठवडे येते, शिबिर भरविते, शस्त्रक्रिया करते आणि जाते. मोतीबिंदू किंवा दुभंगलेला ओठ यांसारख्या नेमक्या कामांत अशा भेटींचा उपयोग होतो. परंतु रक्तदाब व मधुमेह दोन आठवड्यांत बरे होत नाहीत. पथक गेल्यावर टाका सुजला तर रुग्णाने कोणाकडे जावयाचे, हा प्रश्न आधीच सोडवावा लागतो. शोमरोनी माणसाचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. तो परदेशीच होता. जखमा बांधून तो थांबला नाही. त्याने जखमी माणसाला स्थानिक उतारशाळेच्या मालकाच्या हवाली केले, खर्चाची तजवीज केली आणि परत येण्याचे वचन दिले. बाहेरून येणाऱ्या मदतीने काय करावे, हे त्यात सर्व आले.

तिसरा दरवाजा : न्याय

आता सर्वांत अवघड प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या अहवालात नमूद केले होते, की जगाच्या रोगभारापैकी २४ टक्के भार आफ्रिका विभागावर आहे, परंतु जगातील आरोग्यसेवकांपैकी तेथे केवळ ३ टक्के आहेत. अशा देशाने आपल्या तुटपुंज्या पैशातून डॉक्टर घडवावा आणि श्रीमंत देशाने त्यास जास्त पगार देऊन उचलावे, हे गरिबाने श्रीमंतास दिलेले दानच नव्हे काय?

म्हणून २०१० सालच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने आरोग्यसेवकांच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयी एक आचारसंहिता मंजूर केली. ज्या देशांत डॉक्टर-परिचारिकांची तीव्र टंचाई आहे तेथून सक्रिय भरती करू नये, बाहेरून आलेल्यांस स्थानिकांइतकेच हक्क द्यावेत आणि श्रीमंत देशांनी आपली गरज भागविण्याइतके लोक स्वतः घडवावेत, असा तिचा आशय आहे. २०२३ साली संघटनेने अशा टंचाईग्रस्त ५५ देशांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात आपले शेजारी नेपाळ, बांगलादेश व पाकिस्तान आहेत, भारत नाही. ही संहिता ऐच्छिक आहे, मोडणाऱ्यास शिक्षा नाही. शिवाय ती कोणा व्यक्तीला स्वेच्छेने स्थलांतर करण्यास मनाई करीत नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्या लेकरांसाठी बरे जीवन शोधणाऱ्या डॉक्टरास दोषी ठरविणे सोपे असते. त्याला जावे लागू नये अशी रुग्णालये व पगार मायदेशी उभारणे कठीण असते.

श्रीमंत देशांतही या डॉक्टरांच्या वाट्यास बहुधा तेथील उपेक्षित भाग येतो. प्रशिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या परदेशी डॉक्टरांना शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. परंतु १९९४ पासून चालत आलेल्या एका योजनेनुसार डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा केल्यास ही अट माफ होते. त्यामुळे जेथे स्थानिक डॉक्टर जाण्यास नाखूष असतात अशा खेड्यांत भारतीय, फिलिपिनो व पाकिस्तानी डॉक्टर भेटतात. २०२० सालच्या साथीत ब्रिटनमध्ये आरंभी मृत्युमुखी पडलेले डॉक्टर स्थलांतरितच होते. त्यांतील सुदानचे डॉ. आदिल एल तय्यार हे अवयवरोपणाचे तज्ज्ञ मधल्या काळात मायदेशी जाऊन तेथे हे उपचार सुरू करण्यास मदत करून आले होते. ज्ञान दोन्ही दिशांनी वाहू शकते, याचे ते उदाहरण होते.

क्युबाचा प्रयोग

या तिढ्यावर एका लहान देशाने वेगळे उत्तर शोधले. १९९८ साली जॉर्ज व मिच या चक्रीवादळांनी मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटे उद्ध्वस्त केली. क्युबाने मदतीस डॉक्टर पाठविले आणि १९९९ साली हवानाजवळ लॅटिन अमेरिकन स्कूल ऑफ मेडिसिन सुरू केले. गरीब घरांतील परदेशी मुलांनी येथे विनामूल्य सहा वर्षे शिकावे आणि परत जाऊन आपल्याच वंचित समाजाची सेवा करावी, ही त्यामागील कल्पना. शंभराहून अधिक देशांतील तीस हजारांवर डॉक्टर तेथून बाहेर पडले आहेत. होंडुरासच्या किनाऱ्यावरील सिरिबोया गावी गरिफुना समाजातील अशा पदवीधरांनी आपल्या लोकांसाठी रुग्णालय उभारले.

या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परत गेलेल्या काही पदवीधरांना आपल्याच देशात पदवीची मान्यता मिळविताना झगडावे लागले. तसेच क्युबा आपले डॉक्टर अन्य देशांत पाठविते, तेव्हा त्यांच्या मोबदल्याचा मोठा हिस्सा शासन ठेवून घेते, अशी टीका झाली. याच वादातून २०१८ साली क्युबाने ब्राझीलमधून आपले डॉक्टर परत बोलाविले. सेवेच्या नावाखाली सेवकाचे हक्क हिरावले जाऊ नयेत, हाही न्यायाचाच भाग आहे.

आपल्या घरांसाठी

या सर्व विवेचनातून आपल्या कुटुंबांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, मुलास वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी पाठविण्यापूर्वी केवळ दलालाच्या शब्दावर विसंबू नये. अभ्यासक्रमाचा कालावधी, माध्यम, प्रात्यक्षिक प्रशिक्षण आणि त्या देशातील परवान्याची पात्रता या चार गोष्टी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांशी ताडून पाहाव्यात. २०२२ साली युद्धामुळे युक्रेनमधून परतलेल्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांची झालेली परवड आपण पाहिली आहे. कर्ज काढण्यापूर्वी चाळणी परीक्षेचे निकालही डोळ्यांपुढे ठेवावेत.

दुसरी गोष्ट, चाळणी परीक्षेत अडखळलेल्या मुलास नाकर्ता म्हणून हिणवू नये. त्यास अभ्यासास वेळ व आधार द्यावा. अशा घरांत निराशा किती खोल उतरते, हे शेजाऱ्यांना सहसा कळत नाही.

तिसरी गोष्ट, परदेशी स्थिरावलेल्या आपल्या डॉक्टरांसाठी. सुटीत घरी आल्यावर एक दिवसाचे शिबिर भरविणे चांगलेच. परंतु येथील एखाद्या मिशन रुग्णालयाशी वा आदिवासी भागातील दवाखान्याशी वर्षानुवर्षांचे नाते जोडणे, तेथील परिचारिकांना व तरुण डॉक्टरांना शिकविणे, कठीण रुग्णाविषयी दूरध्वनीवरून सल्ला देणे, हे त्याहून अधिक उपयोगाचे आहे. मेरी ग्लोरी आणि रूथ फाऊ यांनी स्वतः तपासलेल्या रुग्णांची संख्या मोठी होती. परंतु त्यांनी शिकविलेल्या माणसांनी त्यांच्या पश्चात तपासलेल्या रुग्णांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे.

आपल्या मुलांपैकी कोणी डॉक्टर होऊन दूर देशी जाईल, कोणी परत येईल. कोठेही असोत, जेथे रुग्णाच्या बाजूस दुसरे कोणी उभे राहत नाही तेथे त्यांनी काही काळ तरी उभे राहावे, एवढी अपेक्षा आपण त्यांच्यापाशी बोलून दाखविली पाहिजे. आणि ते शिकत असतानाच ती बोलून दाखविली पाहिजे.